दिवटी आणि टिकाव

लातूर जिल्ह्यातलं एक माळरान. पहाटेचे सहा. रात्रभर लग्नघरी गोंधळ घालून आलेला माणूस टिकावाच्या दांड्याला चिंधी गुंडाळतोय. नीट पाहा, चिंधी उजवा अंगठा टेकतो तेवढ्याच जागी आहे. तिथं फोड आला, तर रात्री संबळाची वाकडी काडी धरता येत नाही.

गाव त्यांना नाईक म्हणतं. गोंधळ्यांच्या मेळ्याचा म्होरक्या तो नाईक. संबळ वडिलांचा, गाणी मात्र ह्यांची स्वतःची. किती लिहिली, असं विचारलं की वहिनी लोखंडी पेटी उघडतात. आत शाळेच्या वह्या, त्याही दोन्ही बाजूंनी भरलेल्या.

गोंधळात चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची आणि दैवतांना गावानिशी आवतन द्यायचं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी. दैवतं संपली, की नाईक त्याच चालीत गावातल्या आटलेल्या पाण्यांना हाका मारतात. पाटलाची बारव. म्हसोबाचा ओढा. शाळेमागचा आड. देवीला बोलवावं तसंच, एकेकाचं नाव घेऊन. मांडवातली म्हातारी माणसं तेव्हा मान खाली घालून बसतात. त्या बारवेत ती पोहायला शिकलेली असतात. मला विचाराल, तर मराठवाड्याच्या दुष्काळावरचं इतकं नेमकं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात नाईकांनी पहिल्यांदा टिकाव उचलला. ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी A सारख्या चौकटीनं, समपातळी रेषा आखायची, उताराला आडवे चर खणायचे. पळणारं पाणी अडतं, मुरतं.

पण चर खणायचे ते पावसाच्या आधी, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई. गोंधळ्याचं वर्षाचं पोट नवरात्रावर आणि ह्याच लग्नसराईवर चालतं. म्हणून हा हिशेब सांगितलाच पाहिजे. ते दोन महिने नाईक लांबच्या सुपाऱ्या घेत नाहीत. नांदेड, परभणीकडची बोलावणी परत जातात. श्रमदानाचे फोटो काढायला येणाऱ्यांना हे दिसत नाही, घरात दिसतं.

"चैत-वैशाखात किराना उधारीवरच असतो बगा," वहिनी सांगतात. तुम्ही अडवत नाही का त्यांना? "कशाला अडवू? मी बी येते की खांदायला." मुरमाच्या पाट्या हातोहात वर जातायत त्या रांगेत तिसऱ्या उभ्या आहेत त्या वहिनीच.

नऊ वाजले. ऊन टोचायला लागलं. नाईक चिंधी सोडतात, घडी करून खिशात ठेवतात. तेवढ्यात फोन वाजतो. औशाकडची सुपारी. तारीख ठरते, बिदागी ठरते. फोन ठेवता ठेवता ते म्हणतात, "पाव्हन्यांची जेवनं नवाच्या आत उरका भाऊ. मला सकाळी सहाला माळावर पोचायचंय."