पान तेच, फड लांबचा

(दृश्य: सांगली जिल्हा, वाळवा तालुका. सकाळ. मक्याची पट्टी.)

मक्याचा पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, जरा उघडून पाहा. आत करवतीखाली पडतो तसा ओला भुसा दिसेल. ही अळीची विष्ठा. बोटाने बाजूला केली की अळी सापडते. डोक्यावर उलटा वाय, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. अमेरिकन लष्करी अळी.

नावाप्रमाणे ही अमेरिका खंडातली. 2016 मध्ये आफ्रिकेत दिसली, मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यावर आणि त्याच वर्षी सांगलीच्या उसावरही. तिचा पतंग एका रात्रीत 100 किलोमीटर जाऊ शकतो. त्याला ना कृष्णेचं पात्र अडवतं, ना देशाची हद्द.

इथला मका नुसता दाण्यासाठी नसतो. तो मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्यात जातो, तिथून गाईच्या गव्हाणीत. म्हणून अळी दिसली की पंप पाठीला, हे इथं जिवाला लागतं. पोंग्यात पडलेलं औषध दुधापर्यंत पोचेल याची धास्ती असते. आणि मोठी अळी तर विष्ठेच्या बुचाखाली दडलेली असते, फवारा तिच्यापर्यंत जातच नाही.

(दृश्य: उसाचा फड. पानाची खालची बाजू.)

या जिल्ह्यानं असा पाहुणा आधीही पाहिलाय. 2002 च्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा आला. पानाखाली पांढरी लोकर, खालच्या पानांवर काळी बुरशी. पुरुषभर उंच उसात शिरून फवारायचं कसं? तेव्हा कामी आल्या डायफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिडी. डायफाच्या अळ्या असलेली पानं काढून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावली गेली.

देशादेशांतलं सहकार्य समजायला मला हेच चित्र सगळ्यात जवळचं वाटतं. पान तेच, फक्त फड लांबचा.

(दृश्य: तासगाव. द्राक्षबाग. घडावर पांढरा कापूस.)

द्राक्षाच्या घडात शिरणारा हा पिठ्या ढेकूण. आणि त्याला खाणारा, तांबूस डोक्याचा काळा भुंगेरा, क्रिप्टोलिमस. बागायतदारांच्या तोंडी हे नाव आता सहज येतं. पण भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये भारतात आणलेला. पुढची गोष्ट तर फारच मोलाची आहे. आपल्या बाजूचा गुलाबी पिठ्या ढेकूण 1994 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचला. तिथल्या झाडांचे शेंडे आखडू लागले. तेव्हा हाच भुंगेरा भारतातून तिकडे गेला. कीड आशियाची, भुंगेरा ऑस्ट्रेलियाचा, आणि वाचली ती बेटावरची जास्वंद.

2010 मध्ये उलट वाटेनं मदत आली. पपईवरचा मेक्सिकोचा पिठ्या ढेकूण दक्षिण भारतात पसरला होता. त्याच्या अंगात वाढून त्याला मारणारे बारीक परोपजीवी कीटक अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीनं प्वेर्तो रिकोहून बंगळुरूला आले. असे कीटक कुणी खिशात घालून आणत नाही. दोन्ही देशांची परवानगी लागते. बंदिस्त प्रयोगशाळेत त्यांच्या पिढ्या वाढवाव्या लागतात, ते दुसऱ्या कुणाला त्रास देत नाहीत ना हे पाहावं लागतं. हे काम घाईचं नाही, आणि घाई करूही नये.

लष्करी अळीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं डिसेंबर 2019 मध्ये जागतिक मोहीम सुरू केली. प्रात्यक्षिकांसाठी निवडलेल्या 8 देशांत भारतही होता.

(दृश्य: पुन्हा वाळवा. मक्याच्या बांधावर कामगंध सापळा.)

मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे एकरी 5 सापळे. शेतकरी ताई पिशवी सोडतात, पतंग मोजतात, वहीत आकडा लिहितात. मग ओळीतून चालत जातात. पानावर अंड्यांचा पुंजका दिसला की चिरडतात. लहान अळ्यांसाठी घरी भिजवलेल्या निंबोळ्यांचा 5 टक्के अर्क तयार आहे. आकडा मोबाइलवरून कृषी सहायकाकडे जातो. या सापळ्यात न सापडलेले पतंग आज रात्री कुठल्या तालुक्यात, कुठल्या राज्यात उतरतील, तिथल्या कुणाला तरी हा आकडा हवा आहे.