कामाची वहाण

नमस्कार, श्रोतेहो. बोलायच्या आधी दोन आवाज ऐका.

(चपलेचा तळ टेबलावर आपटल्याचा आवाज.)

हा पहिला. आणि आता हा.

(दुसऱ्या चपलेचा आवाज.)

दोन्ही कोल्हापुरी चपला माझ्यासमोर आहेत. रंग एक, पट्ट्यावरची वेणी एक, गोंडासुद्धा सारखाच. पण पहिली भरीव वाजली, शिसवी पाटावर मुठीनं ठोकल्यासारखी. दुसरी फदफदली, कारण तिच्या तळात दोन पातळ कातड्यांच्या मध्ये पुठ्ठा भरलाय. गेल्या आठवड्यात एक पोरगा ती घेऊन आमच्याकडं आला. कुठल्याशा दुकानातनं घेतली होती, एका वळवाच्या पावसात भिजली आणि तळ पुरीसारखा फुगला. "शिवून द्या" म्हणाला. आता पुठ्ठ्याला टाका कुठं घालू? ती चप्पल मी त्याच्याकडून मागून घेतली, खास तुम्हाला ऐकवायला.

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा सासूबाईंनी हातात पहिलं काम दिलं ते वेणीचं. पट्ट्यावर जी चामड्याची बारीक गुंफण असते ना, ती. आमच्या धंद्यात कातडं कापायचं, तळ ठोकायचा पुरुषांनी आणि वेणी घालायची बायकांनी, अशी जुनी वाटणी. तीस वर्षं झाली. मालकांच्या मणक्याचं दुखणं सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायलाही मीच बसते, आणि खरं सांगायचं तर मला तेच काम जास्त आवडतं.

आज मला लग्नातल्या चपलेवर बोलायचं नाही. शेतात, गुरांमागं, बाजारात दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय राबतात त्यांच्या वहाणेवर बोलायचंय. आपली कोल्हापुरी मुळात तीच होती. जुनी जोडी म्हशीच्या जाड कातड्याची, वजनाला दोन किलोपर्यंत भरायची. मेंढरामागं फिरणारा धनगर टाचेला लोखंडी नाल मारून घ्यायचा. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी, कचकडी अशी त्यांची नावं. आताची नाजूक, हलकी चप्पल त्यांचीच नात म्हणा. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. आम्हालाही राग आला. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत, आणि प्राडाच्या त्या शोमध्ये आमचं नावसुद्धा नव्हतं. पण आमची शेजारीण म्हणाली ते मला जास्त पटलं. म्हणाली, "त्या चपला गालिच्यावर चालल्या. एकदा उसाच्या सरीत चालवा म्हणावं."

तर सरीत चालेल अशी वहाण ओळखायची कशी?

आधी कातडं. मराठीत आपण कातडं 'कमावतो' म्हणतो. पैसा कमवावा तसं कातडंही कमवावंच लागतं, फुकट मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मांस खरवडायचं, धुवायचं. मग अख्खं कातडं पिशवीसारखं शिवून उंचावर टांगायचं आणि त्यात बाभळीची साल आणि हिरडा कुटून घातलेलं पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातनं पाझरतं, खाली भांड्यात पडतं, पुन्हा वर ओतायचं. असं कित्येक दिवस. साल आणि हिरड्यातला तुरटपणा कातड्याच्या रेषारेषांत जाऊन बसतो, मग ते कुजत नाही आणि ठोकलं की घट्ट होतं. हे काम ढोर समाजाच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या केलं. त्यांच्या हातचं कातडं गावानं पायात घातलं आणि त्याच हातांना पाणवठ्यावर शिवू दिलं नाही, हेही बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

असं सालीवर कमावलेलं कातडं कडेला कापलेलं बघा. आतपर्यंत बदामी, तांबूस दिसेल. कापलेली कड निळसर राखाडी दिसली तर ते क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. क्रोमचं कातडं वाईट असतं असं मी म्हणणार नाही. मऊ असतं, पाणी जास्त सोसतं, बुटाच्या वरच्या भागाला तेच बरं. पण वहाणेच्या तळाला मला सालीवरचंच लागतं. पाण्याचा एक थेंब तळावर टाका. सालीवरचं कातडं तो हळूहळू पितं आणि तिथं काळसर डाग पडतो. रेक्झिनवरनं थेंब घरंगळतो.

आणि एक प्रश्न विचारा, जो फार कमी गिऱ्हाइकं विचारतात: पाठीचं की पोटाचं? जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट, तळासाठी तेच. पोटाचं सैल, ताणलं की परत येत नाही. पट्टा दुमडून बघितला आणि वरच्या अंगाला ढिल्या, मोठ्या सुरकुत्या पडल्या, तर समजा पोटाचं आहे. पट्टासुद्धा पाठीच्या कण्याच्या दिशेनं कापलेला असला तर कमी वाढतो. आता कातडंच मिळायची मारामार आहे. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. आमच्याकडं आता म्हशीचं येतं आणि पुष्कळसं तयार कातडं चेन्नई, कोलकात्याहून. म्हणून भाव वाढले. पण म्हणून कुणी पुठ्ठा भरायचं कारण नाही.

तळ शिवलेला आहे का, नुसता चिकटवलाय का, तेही बघा. शिवलेल्या वहाणेचा टाका कडेनं बोट फिरवलं की लागतो. चिकटवलेली एकदा सुटली की संपली. शिवलेलीचा खालचा थर झिजला तर उसवून नवा लावता येतो. हल्ली शेतकरी खाली टायर लावून घेतात. उसाचे बुडखे आणि बाभळीचे काटे यांना टायर भारी पडतो, हे खरंच. पण खिळे मारून लावलेला टायर मला पटत नाही. खिळा गंजतो, वर येतो आणि नेमका टाचेत घुसतो. टायर लावायचा तर शिवून लावा.

आता पायाकडं येऊ. इथंच लोक चुकतात.

राधानगरीकडचे एक आबा आमच्याकडं येतात. मागच्या खेपेला आले आणि उंबऱ्यातनंच म्हणाले, "आठ नंबर द्या की." मी म्हटलं, "आबा, आधी कागदावर उभं राहा." त्यांचा पाय मी अजून विसरले नाही. टाचेला भेगा, करंगळी बाहेर निघालेली, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात माझा अंगठा बसेल एवढी फट. जन्मभर चिखलात बोटं रोवून चाललेल्या माणसाचा पाय. लांबीला आठ नंबरचा फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, बरोबर लागला. पण चवडा दोन्ही अंगांनी बाहेर. दुकानात असा माणूस गेला की त्याला काय देतात? नऊ देतात, नाहीतर दहा. रुंदीसाठी लांबी वाढवतात. मग पट्टा जिथं हवा तिथं येत नाही, पुढं सरकतो. पाय चालताना पुढं घसरतो, अंगठ्याचं कडं चावायला लागतं आणि माणूस म्हणतो, कोल्हापुरी चावते. आबांच्या वहाणेला मी लांबी आठचीच ठेवली आणि तळ चवड्यात रुंद कापायला सांगितला. हाताच्या कामाचा हाच तर फायदा.

आपल्याकडं बुटाचे नंबर इंग्रजांच्या हिशोबानं चालतात. एका नंबरापासून दुसऱ्यापर्यंत इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि तेही लांबीचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं 2021 च्या डिसेंबरपासून 2022 च्या मार्चपर्यंत देशभरातल्या लाखभर माणसांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेतल्या पायापेक्षा रुंद असतो, असं त्यात निघालं. त्यावरून 'भा' नावाची आपली स्वतःची मापं ठरवायचं चाललंय. आबांचा चवडा हे सांगतच होता म्हणा.

माप संध्याकाळी द्या, दिवसभराच्या कामानं पाय फुगलेला असतो तेव्हा. बसून दिलेलं माप खोटं. उभं राहिल्यावर भार पडतो आणि पाय लांबतोही, पसरतोही. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभं राहायचं, दुसऱ्या कुणीतरी पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं फिरवायची. पेन्सिल आत कलंडली की पाय कागदावर बारीक होतो. मग एक दोरा चवड्याभोवती आणि एक दोरा पट्टा येतो त्या उंचवट्यावरनं गुंडाळायचा. दोन्ही पायांचं माप घ्यायचं. डावा-उजवा अगदी सारखा असलेला माणूस मला क्वचितच भेटलाय. लांबी मोठ्या पायाची धरायची, पट्टे मात्र ज्याच्या त्याच्या मापाचे.

नवी वहाण घातल्यावर टाचेमागं करंगळीच्या नखाएवढं कातडं उरलं पाहिजे. टाच बाहेर लोंबली तर कड भेगांमध्ये काचते. पट्टा नवा असताना आवळच हवा, कारण तो चार दिवसांत सैल पडतो. लांबी मात्र कधी वाढत नाही, म्हणून "घालून घालून होईल मोठी" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कड्यातनं अंगठा जरा जोर लावून बुडापर्यंत गेला पाहिजे. पण अंगठा पांढरा पडला, मुंग्या आल्या, तर ती तुमची नव्हे. आणि नुसतं चार पावलं चालून पैसे देऊ नका. उकिडवं बसा. भांगलताना, धार काढताना बसता तसं. टाच उचलली जाते, तळ चवड्यात मुडपतो, तेव्हा कान, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंच्या पट्टा धरणाऱ्या पाकळ्या, पायाच्या कडेला टेकून राहतात की मांसात घुसतात, ते तिथंच कळतं.

पट्ट्याला आतून एरंडेल नाहीतर गोडं तेल बोटानं लावा. चोपडू नका, तेलात बुडवलेलं कातडं ढिलं पडतं. पहिला आठवडा रोज संध्याकाळी तासभर घराजवळ घाला, नंतर रानात न्या. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि पायाला स्पर्श नीट कळत नाही, त्यांनी मात्र कड्याची वहाण वापरूच नये. चावली तरी कळत नाही आणि जखम वाढते. त्यांनी डॉक्टरांना विचारून बंद, मऊ जोडा घ्यावा. दुकानदार म्हणून हे सांगायला मला जड जात नाही.

आणखी कुठं नको? औषध फवारताना नको. कातडं औषध पितं, धुऊन निघत नाही, आणि मग रोज तुमच्या पायाला लागत राहतं. तिथं रबरी गमबूटच. माझा थोरला फाउंड्रीत आहे, तो पुढं लोखंडी टोपी असलेला बूट घालतो. तिथं चपलेचं कौतुक मी त्याला कधी सांगितलं नाही. आणि भर पावसाळ्यात कोल्हापुरी गाठोड्यात बांधून वर ठेवा.

एवढं सगळं सांगणारी मी, पण पहिल्या पावसाळ्यात सासऱ्यांची भिजलेली जोडी लवकर वाळावी म्हणून चुलीशी ठेवली. सकाळी बघते तर दोन्ही तळ पापडासारखे वर वळलेले, आणि वाकवायला गेले तर कट्‌ करून तडा. सासरे काही बोलले नाहीत. नवं कातडं भिजत घातलं आणि कातडं कापायची रापी माझ्या हातात दिली, "काप" म्हणाले. बाईच्या हातात रापी द्यायची आमच्याकडं रीत नव्हती. भिजलेली वहाण सावलीत, वाऱ्याला, भिंतीला टेकवून उभी ठेवायची, तळाखालनं वारा लागला पाहिजे. हे मी त्या दिवशी शिकले, आणि कापायलाही.

शेवटचं एक. नवी करायला याल तेव्हा जुनी घेऊन या. तुमच्यापेक्षा ती जास्त सांगते. आबांची जुनी मी हातात घेतली तर तळावर पाची बोटांचे काळे ठसे, करंगळीचा तर अर्धा तळाबाहेर. टाच बाहेरच्या अंगानं झिजून तिरकी झालेली. म्हणून नवीच्या टाचेला बाहेरच्या अंगाला कातड्याची एक चकती जादा शिवली. आबांनी नवी घातली, उकिडवे बसले, उठले, काही न बोलता पैसे मोजले. जुनी मी कोपऱ्यात टाकायला निघाले तर म्हणाले, "ती राहू दे. रात्रीची लाईट असली की पाणी पाजायला जाताना लागंल."

नमस्कार.