डॉक्टर ब्रिंकली, मुक्काम पोस्ट मिलफर्ड

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या स्टेशनला अजूनही अधूनमधून पोस्टकार्ड येतं. परवा एक आलं. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, 'सकाळी गाणी लावणाऱ्या ताई, रेडिओ स्टेशन' आणि खाली शहराचं नाव. बस्स. माझं नाव नाही, आडनाव नाही, पिनकोड नाही. तरी पोस्टमनकाकांनी ते बरोबर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी रोज सकाळी दोनदा माझं नाव सांगते हो! पण ते कानावरून जाणार, कुणी लिहून थोडंच ठेवतं?

ते कार्ड वाचता वाचता मला अमेरिकेतला एक माणूस आठवला. म्हटलं तर आमच्याच धंद्यातला, जरी तसं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. जॉन रोम्युलस ब्रिंकली त्याचं नाव. हा रेडिओवरचा माणूस कॅन्सस राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि पडला. एकदा नाही, तीनदा. त्यातल्या पहिल्या खेपेची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. आणि हो, गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राजभवनातला राज्यपाल समजू नका. तिकडे तो लोकांनी निवडून द्यायचा असतो आणि राज्याचा सगळा कारभार त्याच्या हातात असतो. आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.

कॅन्सस म्हणजे अमेरिकेच्या मधोमध, गव्हाचा मुलूख. नजर पोचेल तिथपर्यंत सपाट रान. त्या राज्यात मिलफर्ड नावाचं एक चिमुकलं गाव होतं. १९१७ साली हा ब्रिंकली तिथे आला आणि दवाखाना थाटला. त्याची डॉक्टरकीची पदवी म्हणजे पैसे मोजून कागद देणाऱ्या कॉलेजातली. पण पदवी बघतो कोण? आजार असा होता की लोक तो चारचौघांत बोलत नसत. पुरुषांची कमी झालेली ताकद. आणि इलाज? बोकडाच्या ग्रंथी. बोकडाच्या वृषणांचे तुकडे माणसाच्या अंगात बसवायचे, की झाला म्हातारा तरणा! दर सातशे पन्नास डॉलर. त्या काळी तेवढ्यात फोर्डची नवी मोटार घेऊन वर चार पैसे उरले असते. दवाखान्याच्या मागच्या गोठ्यात बोकड बांधलेले असायचे, आणि आपला बोकड पेशंटनं स्वतः निवडायचा असंही सांगतात. बकरी ईदच्या बाजारात दात बघून निवडतात ना, तसंच काहीसं.

हसू येतं खरं. पण याच डॉक्टरच्या सहीची मृत्यूची प्रमाणपत्रं पुढे मोजली गेली तेव्हा ती ४२ भरली, आणि त्यातले पुष्कळजण दवाखान्यात पाऊल टाकताना धडधाकट होते. तेव्हा पुढच्या गोष्टीत या माणसाचा कळवळा यायला लागला, तर हा आकडा ध्यानात असू द्या. मलाही तो स्वतःला दोन-तीनदा बजावावा लागला.

१९२३ साली त्यानं मिलफर्डमध्ये स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं. केएफकेबी. रेडिओ तेव्हा अगदी नवा होता. शेतावर एकटं घर, शेजारी दोन-तीन मैलांवर, आणि संध्याकाळी त्या पेटीतून फिडल वाजतंय, काउबॉयची गाणी लागलीत, भजनं चालू आहेत, मधेच फ्रेंच भाषेचा पाठ! आणि या सगळ्याच्या मधे डॉक्टरसाहेबांचा आवाज. मोठ्यानं नाही, भाषणबाजी नाही. शांत, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. माइकसमोर ओरडायचं नसतं, एकाच माणसाच्या कानाशी बोलायचं असतं. आम्हाला हे पढवून पढवून शिकवतात. त्याला ते कुणी न शिकवता येत होतं.

त्याचा गाजलेला कार्यक्रम होता 'मेडिकल क्वेश्चन बॉक्स'. लोक पत्रानं दुखणं कळवायचे, हा ते माइकवर वाचायचा आणि तिथल्या तिथे औषध सांगायचा. औषधाला नाव नाही, नंबर. अमुक गावच्या बाईंनी अमुक नंबर आणि तमुक नंबर घ्यावं. तो नंबर फक्त त्याच्याशी बांधलेल्या औषधाच्या दुकानांत मिळणार आणि प्रत्येक बाटलीमागे डॉक्टरचा वाटा ठरलेला. नाडी बघितली नाही, जीभ बघितली नाही. नुसतं पत्र. पत्रं इतकी यायला लागली की मिलफर्डचं पोस्ट पुरेना, तेव्हा त्यानंच गावाला नवीन पोस्ट ऑफिस बांधून दिलं. फूटपाथ केले, गटारं केली, वीज आणली. गावानं त्याला डोक्यावर घेतलं यात नवल ते काय?

मग १९३० साल उजाडलं आणि त्याचे ग्रह फिरले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या साप्ताहिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन त्याच्या मागे हात धुऊन लागलेलेच होते. 'कॅन्सस सिटी स्टार' या दैनिकानं त्याच्यावर लेखमाला चालवली. (या दैनिकाचं स्वतःचंही रेडिओ स्टेशन होतं, हे ब्रिंकली सांगायला विसरत नसे.) जूनमध्ये केंद्राच्या रेडिओ आयोगानं तीन विरुद्ध दोन मतांनी त्याच्या स्टेशनचा परवाना वाढवून द्यायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये राज्याच्या वैद्यकीय मंडळानं डॉक्टरकीचा परवाना काढून घेतला. अपील चालू होतं म्हणून स्टेशन तेवढं अजून बोलत होतं.

दुसरा एखादा असता तर गाशा गुंडाळून गेला असता. यानं परवाना गेल्यावर चार दिवसांच्या आत जाहीर केलं, मी गव्हर्नरपदाला उभा आहे. कारण उघड होतं. वैद्यकीय मंडळावर माणसं कोण नेमतं? गव्हर्नर! फांदी कापणाऱ्याशी भांडण्यापेक्षा झाडच ताब्यात घ्यावं, असा हिशेब.

पण मतपत्रिकेवर नाव छापून घ्यायची मुदत उलटून गेली होती. तिथे अशा उमेदवाराला एक वाट असते. मतपत्रिकेवर कोरी ओळ असते, तिच्यावर मतदारानं आपल्या हातानं नाव लिहायचं आणि पुढे फुली मारायची.

आपल्याला हे ऐकूनच गंमत वाटते. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९५१-५२ मध्ये, तेव्हा बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याची निशाणी. बैलजोडी ओळखा, झोपडी ओळखा आणि कागद आत टाका. नाव लिहायचा प्रश्नच नाही. कल्पना करा, आपल्याकडे मतदाराला उमेदवाराचं नाव लिहायला लावलं असतं आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून मत बाद केलं असतं तर! आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई सोडून कुणाचंच मत वैध ठरलं नसतं.

ब्रिंकली प्रचाराला निघाला तो स्वतःच्या विमानातून. गाव नुसतं त्याच्या आवाजाला ओळखत होतं, आता तो आवाज आभाळातून कुरणात उतरायचा. सोबत रेडिओवरचेच गवई, 'लोन्सम काउबॉय' म्हणून गाजलेला रॉय फॉकनर वगैरे मंडळी. आधी गाणी, मग डॉक्टर. विचिटा शहराजवळ गाईगुरांच्या कुरणात हजारो माणसं गोळा झाली. दिवस रविवारचा. आज राजकारण नको म्हणत त्यानं प्रवचन केलं, आणि त्या प्रवचनात येशू ख्रिस्ताच्या छळाशी आपल्या छळाची तुलना करून घेतली. राजकारण नको म्हणून किती राजकारण करता येतं ते बघा.

आश्वासनं? शाळेची पुस्तकं फुकट, म्हाताऱ्यांना पेन्शन, गरिबांना मोफत दवाखाने, कर कमी, आणि राज्यातल्या प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत प्रत्येक जिल्ह्यात, एक तलाव. तलाव झाले की पाऊसही वाढेल म्हणे! गव्हाचे भाव कोसळलेले, मंदीनं कंबरडं मोडलेलं. अशा वेळी पेन्शन आणि पाणी यांचं बोलणारा माणूस लोकांना आपला वाटला, त्याबद्दल मी तरी त्यांना नावं ठेवणार नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे सरकारांनी केल्याही.

आणि रोज संध्याकाळी रेडिओवरून धडा. माझं नाव असं लिहा. जे. आर. बी-आर-आय-एन-के-एल-ई-वाय. पुढे फुली मारायला विसरू नका.

मतदानाला मोजके दिवस उरले असताना राज्याचे ॲटर्नी जनरल विल्यम स्मिथ यांनी खुलासा काढला. 'जे. आर. ब्रिंकली' एवढं आणि असंच लिहिलेलं मत धरायचं, बाकी सगळी बाद. म्हणजे 'डॉक्टर ब्रिंकली' लिहिलं, बाद. 'डॉ. जे. आर. ब्रिंकली', बाद. 'जॉन ब्रिंकली', बाद. एखादं अक्षर इकडचं तिकडे, बाद.

इथे मला ते पोस्टकार्ड आठवलं, श्रोतेहो. सात वर्षं ही माणसं त्याला पत्रं लिहीत होती. शेताच्या बांधावरून, चुलीपाशी बसून, पाय सुजले म्हणून, लेकराला झोप येत नाही म्हणून. पाकिटावर ती काय लिहीत असतील? 'डॉक्टर ब्रिंकली, मिलफर्ड.' दुसरं काय लिहिणार? आणि ते पत्र पोचायचं. पोस्टाला कधी शंका आली नाही की हे कुणासाठी आहे. नोव्हेंबरमध्ये त्याच हातानं तेच नाव मतपत्रिकेवर लिहिलं आणि मोजणीच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, असा कुणी माणूस आम्हाला माहीत नाही.

निकाल ऐका. डेमोक्रॅटिक पक्षाचे हॅरी वुडरिंग, २,१७,१७१. रिपब्लिकन पक्षाचे फ्रँक हॉक, २,१६,९२०. फरक २५१ मतांचा. आणि ज्याचं नाव कागदावर छापलेलंच नव्हतं त्या ब्रिंकलीला, सगळी गाळणी लागून, १,८३,२७८. बाद झालेली मतं हजारोंनी होती. नक्की किती, यावर अजून वाद आहे. गंमत अशी की अवघ्या २५१ मतांनी हरलेल्या हॉक यांनीसुद्धा फेरमोजणी मागितली नाही. गठ्ठे पुन्हा सोडले असते तर तिसराच कुणी वर निघेल, ही धास्ती दोन्ही पक्षांना होती असं बोललं जातं. वरताण म्हणजे शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात, जिथे हा उभाच नव्हता, तिथेही लोकांनी त्याचं नाव लिहून टाकल्याचं सांगतात. रेडिओच्या लहरींना राज्याची हद्द कुठे कळते?

तो पडला हे बरं झालं का? झालं. असल्या माणसाच्या हातात वैद्यकीय मंडळ गेलं असतं तर आणखी किती प्रमाणपत्रांवर सह्या झाल्या असत्या, कल्पना करवत नाही. तो ज्या रीतीनं पडला ते बरं झालं का? त्यावर मात्र माझं मन हो म्हणत नाही. वैदूला हरवायला नियम शेवटच्या घटकेला वाकवला, आणि फसले कोण? त्याचे पेशंट आधी पैशानं फसले होते, आता मतानंही.

पुढच्या दोन निवडणुका थोडक्यात सांगते. १९३२ मध्ये नाव रीतसर छापून आलं. स्पेलिंगचा प्रश्न मिटला, आणि मतं पडली २,४४,६०७. तिघांत तिसरा, पण दर दहा मतदारांतले तीन त्याचे. त्या वेळी जिंकलेले आल्फ लँडन १९३६ मध्ये थेट रूझवेल्ट यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि दोनच राज्यं मिळवून घरी आले. हरलेले वुडरिंग पुढे अमेरिकेचे युद्धमंत्री झाले. १९३४ मध्ये ब्रिंकलीनं रिपब्लिकन पक्षाच्या आत लँडन यांनाच आव्हान दिलं आणि सपाटून मार खाल्ला.

आवाज काही थांबला नव्हता. मिलफर्डचं स्टेशन विकावं लागलं तेव्हा त्यानं मेक्सिकोच्या हद्दीत, रिओ ग्रँड नदीच्या पलीकडे व्हिया आकुन्या इथे नवं स्टेशन उभारलं होतं. तिथे अमेरिकेच्या आयोगाचा हात पोचत नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून बोलणं मेक्सिकोत जायचं आणि तिथून उलटं अख्ख्या अमेरिकेवर कोसळायचं. हे बंद करायला अमेरिकेला १९३४ च्या कायद्यात खास कलम घालावं लागलं.

शेवट त्यानं स्वतःच ओढवून घेतला. फिशबाइन यांनी वैदू म्हटलं म्हणून अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९३९ मध्ये तो हरला. हा वैदूच आहे यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब झालं. मग जुन्या पेशंटांचे दावे येऊन पडले. १९४१ मध्ये दिवाळं वाजलं, १९४२ मध्ये तो वारला.

आणि मिलफर्ड? १९६० च्या दशकात रिपब्लिकन नदीवर धरण झालं. जुनं गाव उठवून वरच्या अंगाला न्यावं लागलं. कोयनेच्या, उजनीच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. ते धरणाचं पाणी आज कॅन्ससमधला सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव आहे. नाव मिलफर्ड लेक.

पुढचं गाणं लावण्याआधी एक राहिलं. 'सकाळी गाणी लावणाऱ्या ताई' असं लिहिणाऱ्या आजोबा, तुमचं कार्ड पोचलं. तुम्ही मात्र सही अशी काही केली आहे की तुमचं नाव मला लागलेलं नाही.

नमस्कार.