चतुर्थीचा रविवार

(शेडचं शटर वर जातं. मूळ आवाज तसाच ठेवायचा. पहिले बारा सेकंद निवेदन नाही.)

जूनच्या पहिल्या आठवड्यात खाली आलेलं हे शटर आज, सप्टेंबर संपता संपता वर जातंय. आत चौदा बोटी आहेत, चौदाही पालथ्या. वर ताडपत्री, ताडपत्रीवर चार महिन्यांची धूळ आणि धुळीत मांजराची पावलं. मांजर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलंय आणि परत आलेलं नाही, असं पावलांवरून वाटतं. ते मागच्या खिडकीत बसलंय.

ठिकाण मुंबई बंदर. कुलाब्याच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक छोटा सेलिंग क्लब. समोर मिडल ग्राउंडचं बेट, त्याच्या पलीकडे धुरकट दिसतात ते करंजाचे डोंगर. 'यॉटिंग' हा शब्द कानावर आला की आपण आधी खिसा चाचपतो. इथे तशी गरज नाही. या बोटी चार मीटर लांबीच्या, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या हत्ती टेम्पोएवढ्या. इंजिन नाही, केबिन नाही, बसायला गादी नाही. दोन माणसं आणि दोन शिडं, एवढाच कारभार.

नाव एंटरप्राइज. १९५६ साली इंग्लंडमध्ये जॅक हॉल्ट यांनी ही बोट आखली. महायुद्धानंतर पाण्यात न सुटणारा चांगला प्लायवूड बाजारात मिळू लागला होता. ज्याला साधं सुतारकाम येतं त्याने घरच्या गॅरेजमध्ये प्लायच्या पाट्या वाकवून स्वतः बांधावी, अशा बेताने ती काढलेली. म्हणून तिचा तळ होडीसारखा गोल नाही, कडा असलेला आहे. कॅमेरा आता त्या कडेवरून फिरतोय. या कडेकडे लक्ष ठेवा, सगळं दुखणं तिथेच आहे.

(मामा. हातात नाणं.)

हे मामा. क्लबमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणतात, सेक्रेटरींपासून कँटीनच्या पोरापर्यंत. गाव हर्णै. इथे बोटमन म्हणून लागले तेव्हा या बोटी नव्या होत्या.

बोट तपासायची त्यांची पद्धत बघा. हातात एक रुपयाचं नाणं. नाळेपासून सुरुवात करून मागेपर्यंत, दर दोन बोटांवर एक टिचकी. टक, टक, टक. कोरडं लाकूड असं वाजतं. आता ऐका.

(तीन टिचक्या. चौथी बद्द वाजते.)

"हितं पाणी बसलंय."

खडूने गोल. पुन्हा टक, टक. पुन्हा एक गोल. पावसाळ्यात शेडमधली हवाच ओली असते. रंगाला केसाएवढी चीर गेली असली तरी ओल तिथून शिरते, प्लायचे पदर एकमेकांना सोडतात आणि वरून मात्र रंग छान चकचकीत दिसतो. या एका बोटीवर खडूचे सात गोल झाले. बोटीचा नंबर आम्ही दाखवत नाही. मालकीणबाईंना तो आवाज दोन दिवस झोपू देत नव्हता, असं त्यांनीच सांगितलं. त्या बँकेत नोकरी करतात आणि गेली अकरा वर्षं रविवार इथे काढतात. मामा त्यांना ताई म्हणतात.

पहिला प्रश्न वजनाचा. तुळईला चेन पुली, पुलीला तानकाटा, तानकाट्याला बोट. एकशे सात किलो. वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटींच्या, नियमाने नुसता सांगाडा नव्वदच्या थोडा वर असला तरी चालतो. म्हणजे ताई दर शर्यतीला एक अदृश्य पोरगं मांडीवर घेऊन बसणार होत्या. बोट तीन आठवडे उन्हात, पंख्यासमोर आणि पुन्हा उन्हात ठेवली. आता काटा बघा. एकशे एक. सहा किलो नुसतं पाणी होतं.

(रंधा. आवाज मोठा.)

आता थोडं थांबून बघण्यासारखं काम. फुगलेला भाग कापून काढला की बोटीला चौकोनी भोक पडतं. तिथे सरळ कडेचा तुकडा बसवला तर पहिल्याच लाटेला सांधा उघडेल. म्हणून भोकाच्या कडेला उतार द्यायचा आणि नव्या तुकड्याला उलटा उतार. प्रमाण एकास आठ. प्लाय सहा मिलिमीटरचा असेल तर उतार अठ्ठेचाळीस मिलिमीटर रुंद. मामांकडे मोजपट्टी आहे, खिशात. ती खिशातच राहिली.

कारण हे. रंधा तिरका चालला की प्लायचे पदर एकामागून एक उघडे पडतात. फिकट, गडद, फिकट, गडद. नकाशावरच्या समोच्च रेषा असाव्यात तसे पट्टे. पट्टा कुठे रुंद झाला तर तिथे रंधा जास्त निजला. वाकडा झाला तर हात वाकडा. सगळे पट्टे सारख्या रुंदीचे आणि सरळ आले की उतार बरोबर. मोजायचं काम लाकूडच करतं. या एका कडेला आमचा अख्खा दिवस गेला आणि आम्ही तो अख्खा चित्रित केला. तुम्ही त्यातली दीड मिनिटं बघताय. संकलकाने चाळीस सेकंद मागितली होती.

(दीड मिनिट. निवेदन नाही.)

मग एपॉक्सी, म्हणजे राळेचा गोंद. दमट हवेत ते वाळतं, पण वर मेणचट पापुद्रा धरतं. त्यावर तसाच पॉलिश पेपर मारला तर पेपर गच्च भरतो आणि पुढचा रंग धरत नाही. आधी पाण्याने धुवायचं, घासायचं नंतर. हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मामांना इंग्रजी वाचता येत नाही. हे त्यांना एक बोट दोनदा रंगवून कळलंय. मग लांबी, म्हणजे पुट्टी, मग ऐंशी नंबरचा पेपर, एकशेवीस, दोनशेवीस. रंग पांढरा.

समोरचं पाणी आहे ना, तिथेच १९८२ च्या एशियाडच्या शिडांच्या शर्यती झाल्या. बाकी बहुतेक सोहळा दिल्लीत आणि वारा मुंबईचा. फायरबॉल नावाच्या अशाच दोन माणसांच्या बोटीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. पुढे १९९३-९४ चा खेलरत्न पुरस्कार होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग या शिडांच्याच जोडीला मिळाला. क्रिकेटच्या देशात हे आठवणारी माणसं बहुतेक या शेडच्या आसपासच भेटतात. पदकांच्या यादीत दोन नावं असतात, कारण बोटीत दोघं बसतात. शेडमध्ये किती बसतात, तो रकाना यादीत नसतो.

(डोलकाठी आडवी, दोन लाकडी घोड्यांवर.)

डोलकाठी अॅल्युमिनियमची. मामा डोलकाठी म्हणतात, ताई मास्ट म्हणतात आणि ताईंचा जोडीदार 'पोल' म्हणतो. जोडीदार म्हणजे कफ परेडच्या मच्छीमार नगरातला एक अकरावीतला पोरगा. तो पुढे बसून जिब, म्हणजे छोटं शीड सांभाळतो.

त्याच्या हातात कापसाचा बोळा आहे, प्रथमोपचाराच्या पेटीतला. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून तो बोळा सावकाश वरपासून खाली येतोय. तार बारीक बारीक पदरांची वळलेली असते. त्यातला एक जरी तुटला तरी डोळ्याला दिसत नाही. कापसाला दिसतो. बघा, इथे. धागा अडकला. एक पांढरं कुसळ तारेवर उभं राहिलं. ही तार बाद. हा धागा दिसला नसता तर डिसेंबरच्या एखाद्या दुपारी भर वाऱ्यात अख्खी काठी आडवी झाली असती.

नव्या तारेवर काळी चकचकीत पट्टी बांधलीय ती जुन्या ऑडिओ कॅसेटची टेप. वारा कुठून येतोय ते तिच्याइतकं पटकन कोणी सांगत नाही. टेप कोणत्या गाण्याची, यावर शेडमध्ये वाद झाला. तो आवाज नीट आलेला नाही.

(झेंडे दोरीवर वाळत. मग शिवणयंत्र.)

शर्यतीची भाषा झेंड्यांची. पाच मिनिटं राहिली की वर्गाचा झेंडा चढतो. चार मिनिटांना निळा, मध्ये पांढरा चौकोन. एक मिनिट उरलं की तो निळा उतरतो आणि शून्याला वर्गाचाही. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा दिसला तर गप्प बसून राहायचं, शर्यत लांबली. आणि पांढऱ्यावर निळी अधिकची खूण आली तर समजायचं, कोणीतरी वेळेआधी रेषा ओलांडली. आपणच तर नाही ना, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

तोच नेमका उंदरांनी कुरतडलाय. अधिकची खूण वजाबाकीसारखी दिसू लागली होती. मार्केटमधल्या शिंप्याकडे नेला तर त्याने विचारलं, "हॉस्पिटलचा का?" चाळीस रुपये घेतले आणि शिवण चांगली घातली.

(भिंतीवर कालनिर्णय. मामांचं बोट.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. शर्यत कोणत्या रविवारी?

ओहोटीला क्लबच्या उतारासमोर पाणी नसतं, गुडघाभर गाळ असतो. बोट उतरवायची आणि परत चढवायची ती भरतीच्या आगेमागे दोन-अडीच तासांत. त्यात इथला खारा वारा दुपारी एकनंतर उठतो. म्हणजे वारा आणि पाणी दोघांची गाठ पडेल असा रविवार हवा. रेस कमिटीकडे भरतीचं छापील कोष्टक आहे, त्यावरून केलेली एक्सेल आहे. मामांकडे कालनिर्णय आहे आणि पाऊणकीचा पाढा.

तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा, भरती सहाला. तेही भांगाचं पाणी, जेमतेम चढणारं. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, उधाणाची. चतुर्थीला?

"चार पाऊण तीन."

"पावणेतीन?" पोरगा विचारतो.

"पावणेतीन नाय रे. चार पाऊण, तीन. तीनला भरती."

पाऊणकी पोरग्याच्या वर्गात कोणी शिकवली नाही, त्यामुळे हा घोटाळा आणखी थोडा वेळ चालला. शेवटी त्याने मोबाइल काढला. मोबाइल म्हणतो, दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. मामा म्हणाले, "तुझा मोबाइल बारा मिनिटं आधी जेवतो."

तर चतुर्थीचा रविवार ठरला. एकला बोटी पाण्यात, दोनला शर्यत, पाचच्या आत वर. चतुर्थी कृष्ण पक्षातली, म्हणजे संकष्टी. त्यामुळे निम्म्या क्लबचा उपास. कँटीनवाल्याने साबुदाणा आदल्या रात्रीच भिजत घातला.

बोटी पाण्यात उतरल्या त्याचं चित्रण आमच्याकडे नाही. सगळे हात बोटींना लागले होते, कॅमेरामनचेही.

(वरून: चौदा बोटींची निळी शिडं.)

वारा वायव्येचा, आठ नॉट. भरतीचं शेवटचं पाणी अजून ठाण्याच्या खाडीकडे ओढतंय, म्हणजे थोडंफार वारा येतो त्याच दिशेला. इथेच गोम आहे. शीड सैल सोडून तुम्ही रेषेमागे थांबलात असं तुम्हाला वाटतं, पण खालचं पाणी तुम्हाला हळूच पुढे नेत असतं. निळा झेंडा खाली. तीस सेकंद. पोरगा ओरडतोय, "ताई, मागे घ्या! पाणी ढकलतंय!" ताईंचं लक्ष उजवीकडच्या बोटीकडे. दहा. पाच.

भोंगा. आणि लगेच दुसरा भोंगा. कमिटीच्या बोटीवर चढला तो चाळीस रुपयांचा झेंडा. शिवण स्वच्छ दिसते. तीन बोटी आधी गेल्या आणि त्यातली एक आपली.

वळून परत रेषेमागे यायचं आणि पुन्हा निघायचं. बाकीची शिडं तोवर पहिल्या बोयाच्या, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेच्या, वाटेला लागलेली. तरी पुढच्या तासाभरात ताईंनी आठ बोटी मागे टाकल्या. दुसऱ्या बोयाला डावीकडून वारा घेत आलेली एक बोट आडवी आली. उजवीकडून वारा घेणाऱ्याचा हक्क पहिला. ताई "स्टारबोर्ड!" म्हणून ओरडल्या ते किनाऱ्यावर ऐकू आलं. नवी तार ताणलेली दिसतेय, टेप फडफडतेय. तळाचा ठिगळ लावलेला भाग पाण्यातून वर येतो तेव्हा कुठे काय जोडलंय ते सांगता येत नाही. नंबर सहावा.

पुढच्या सीझनसाठी क्लबने फायबरच्या बोटी मागवल्यात. लाकडी चौदांतल्या पाच राहतील. मामांची नोकरी मार्चपर्यंत आहे.

(उतार. पाच वाजत आलेत. पाणी उतरतंय.)

बोट वर येताना वजन मामांकडे असतं, बाकीचे ढकलतात. पोरगा आधी शीड उतरवतो. मीठ वाळायच्या आत सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. शीड, तारा, सुकाणूच्या बिजागऱ्या, सगळं. पाइप एकच आहे. बोटी चौदा. नळ साडेसहाला जातो.

(पाण्याचा आवाज. निवेदन संपलं.)