चित्र अडकतं कुठे?

दृश्य – महाल, नागपूर. व्हिडिओ स्टुडिओतला संगणक. पडद्यावर मारबतीच्या मिरवणुकीचं चित्रण.

पोळ्याचा दुसरा दिवस. पिवळी मारबत, म्हणजे भलामोठा पुतळा, निघाली आहे, मागे बडग्यांचे पुतळे, आणि गर्दीतून आरोळी उठते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" ऐन चौकात चित्र थांबतं. आवाज पुढे निघून जातो. संकलनाला बसलेला मुलगा मालकांकडे वळतो. "भाऊ, पुन्हा अटकून राहिला."

संगणक दणकट आहे. प्रोसेसर निवांत, मेमरी अर्धी रिकामी. टास्क मॅनेजरमध्ये एकच आकडा टोकाला गेलाय. डिस्क, १०० टक्के. आणि त्याच ओळीत वाचनाचा वेग पाहा, सेकंदाला जेमतेम १५ ते २० एमबी. हीच डिस्क सलग वाचायला मिळालं तर सव्वाशे एमबी सहज देते. मग तिचा वेळ जातो कुठे?

दृश्य – झाकण काढलेली जुनी हार्ड डिस्क. चकतीवर सरकणारा हात.

चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते. फाईल डिस्कवर नेहमी सलग बसत नाही, तुकड्यांत विखुरते. पुढचा तुकडा दुसरीकडे असेल, तर आधी हा हात तिथे सरकायला हवा. त्यात साधारण ९ मिलिसेकंद जातात. मग तो तुकडा फिरत फिरत हाताखाली यायची वाट बघायची, सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी ४. एका उडीचे झाले १३ मिलिसेकंद. तेवढा वेळ डिस्क काहीच वाचत नाही.

आता तुकडा केवढा, यावर सगळं ठरतं. तुकडे २५६ केबीचे असतील तर प्रत्येक तुकडा वाचायला २ मिलिसेकंद आणि पुढच्यापर्यंत पोहोचायला १३. वेग उरतो सेकंदाला १७ एमबी. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट नोंदवत असेल तर त्याला साडेबारा एमबी लागतात. एक कॅमेरा कसाबसा निभतो. दोन कॅमेरे एकत्र लावले की लागतात २५, आणि मारबत चौकात थांबते.

तेच तुकडे ६४ एमबीचे असते तर? एक तुकडा वाचायला अर्धा सेकंद, उडीला तेच १३ मिलिसेकंद. हा तोटा कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणूनच २००७ साली बाजारात आलेल्या विस्टा या आवृत्तीपासून विंडोजचं स्वतःचं डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडणारं साधन, ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना हात लावत नाही. मोठी फाईल दहा-वीस तुकड्यांत असली तरी अहवालात शून्य टक्के दिसू शकतं, ते यामुळेच. पुष्कळांना वाटतं साधन बिघडलंय. एमएस-डॉसच्या काळात डीफ्रॅगचे रंगीत चौकोन एका रांगेत येईपर्यंत बघत बसलेल्या पिढीला तर हे पटतच नाही. पण हिशेब विंडोजच्या बाजूने आहे. चाळीस जीबीची फाईल एकसंध करण्याच्या हट्टापायी डिस्क रात्रभर राबवू नका. तुकडे किती आहेत यापेक्षा ते केवढे आहेत, ते बघा.

दृश्य – काळी खिडकी. कॉन्टिग हे साधन चालू आहे.

हे बघायला विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांचं कॉन्टिग उपयोगी पडतं. ते सबंध डिस्कच्या मागे लागत नाही, एकाच फाईलवर काम करतं. आधी फक्त तपासणी करायला सांगा. किती तुकडे, तो आकडा येतो. फाईलच्या आकाराला त्याने भागा, सरासरी तुकडा कळेल. तो काही एमबींच्या आत असेल तरच पुढे जा.

आणि इथे बहुतेकांचं काम अडतं. कॉन्टिग जागा मागतं आणि जागा नसते. म्हणजे डिस्कवर साठ जीबी मोकळी दिसते, पण ती सलग नसते.

या स्टुडिओत तसंच झालंय. संकलनाचं सॉफ्टवेअर काम चालू असताना हजारो छोट्या फाईली तयार करतं, पूर्वदृश्याच्या, आवाजाच्या. काम संपलं की त्या पुसल्या जातात आणि मागे बारीक बारीक भोकं राहतात. वर लग्नसराईत डिस्क गच्च भरलेली. मग कार्डावरून मिरवणुकीचं चित्रण आलं. कॉपी करताना फाईलचा आकार आधीच माहीत असतो, त्यामुळे विंडोज मोठी सलग जागा शोधतं. पण मोठी जागा उरलेलीच नव्हती. जिथे भोक मिळालं तिथे तुकडा बसला.

उपाय मेहनतीचा नाही. मोठ्या फाईली दुसऱ्या डिस्कवर न्या, त्या नीट उघडतात का ते पाहा, जुन्या डिस्कवर भरपूर जागा करा, आणि परत आणा. बहुतेक वेळा त्या परत येतानाच मोठ्या तुकड्यांत बसतात आणि वेगळ्या डीफ्रॅगची गरज उरत नाही. शिवाय प्रत तयार होते, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. कुणाच्या लग्नाचं चित्रण दुसऱ्यांदा होत नाही.

दृश्य – खिडकीत घुमणारा कूलर. टेबलाखाली संगणक.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. बऱ्याच डिस्कना उत्पादक ६० अंशांची मर्यादा देतात, आणि डीफ्रॅगमध्ये हात तासन्‌तास थांबत नाही. हे काम पहाटे करा, डिस्कचं तापमान बघत करा. डिस्क खराब सेक्टर, म्हणजे न वाचता येणारे भाग, दाखवत असेल तर डीफ्रॅगचा विचारही नको. आधी माल बाहेर काढा.

एसएसडीला यातलं काही लागू नाही. तिथे फिरणारी चकती नाही, हात नाही. विंडोज ते ओळखतं आणि सहसा डीफ्रॅगऐवजी ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाईलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं.

दृश्य – दुकानदार संगणकात छोटी एसएसडी बसवतो.

या स्टुडिओने आता एवढंच केलंय. सॉफ्टवेअरच्या हजारो छोट्या फाईली या एसएसडीवर जातात. मोठ्या डिस्कवर फक्त चित्रण, आणि तिचा पाव हिस्सा कायम रिकामा. दोन्ही कॅमेऱ्यांची मिरवणूक परत कॉपी झाली आहे, आणि संकलन चालू आहे.