ओळख ना पाळख

श्रोतेहो, नमस्कार.

एकमेकांना धरून राहणाऱ्या समाजाचं कौतुक आपण सगळेच करतो. एका घरात काही झालं की दहा घरांत कळतं, आजाऱ्याच्या उशाशी बसायला माणूस कमी पडत नाही, कार्य असो की अडचण, हाकेसरशी चार जण धावून येतात. ह्याचं मोल काय ते एकटं पडलेल्या माणसाला विचारावं. पण आज मला बोलायचंय ते ह्या गोतावळ्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाबद्दल. जो कुणाचा भाचा नाही, कुणाचा व्याही नाही, कुणाचा जुना शेजारीही नाही, त्याच्या वाट्याला आपला चांगुलपणा कितीसा येतो?

आधी येतो तो प्रश्न. "कुणाकडे आलात?" ह्या दोन शब्दांत आपुलकी असते आणि झडतीही असते. उत्तरात ओळखीचं नाव निघालं, तर लोक अगदी दारापर्यंत सोडायला येतील, हातातली पिशवीसुद्धा घेतील. नाव नाही निघालं, की बोलणं तिथेच आटोपतं. वाईट कुणीच वागत नाही हो. फक्त समोरच्याला कुठल्या खात्यात घालायचं ते कळेनासं होतं.

तोशिओ यामागिशी नावाचे एक जपानी समाजमानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी जपान आणि अमेरिका ह्या दोन देशांतल्या लोकांची तुलना केली आणि १९९४ साली ती प्रसिद्ध केली. आपल्याला वाटेल, जपानसारख्या घट्ट नात्यांच्या समाजात माणसांचा माणसांवर जास्त भरवसा असणार. निघालं उलटंच. अनोळखी माणसांवर विश्वास टाकण्यात अमेरिकन पुढे होते. यामागिशींचं म्हणणं असं, की जिथे सगळे एकमेकांना धरून असतात तिथे फसवणाऱ्याला तोंड लपवायला जागा नसते. म्हणजे तिथे खात्री असते, विश्वासाची गरजच पडत नाही. आणि गरज पडत नाही म्हणून परक्या माणसाला जोखायचा सरावही होत नाही.

मला हे पटतं. आपल्या माणसांतल्या मदतीचा हिशोब असतो, हे कबूल करायला आपल्याला जड जातं, पण तो असतो. कागदावर नसेल, डोक्यात असतो. त्यांच्या आजारपणात आपण रात्र जागवली होती, मग आपल्या वेळी ते आले का? ह्याला मी नावं ठेवत नाही. ह्या देण्याघेण्यावरच तर नाती टिकतात. पण परक्याला केलेली मदत कुठेच जमा होत नाही. पुन्हा भेट नाही, नाव ठाऊक नाही, परतफेडीचा प्रश्नच नाही.

एक जिना डोळ्यांसमोर आणा. स्टेशनचा म्हणा. एका बाईच्या कडेवर झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात जड बॅग. दोन पायऱ्या चढायच्या, बॅग टेकवायची, मूल सावरायचं, पुन्हा दोन पायऱ्या. एवढ्यात मागून बॅगेला कुणाचा तरी हात लागतो. बाई आधी तो हात बघते, मग चेहरा. बॅगेवरची तिची मूठ क्षणभर आवळते. मग सैल होते. दोघं वर येतात, तो माणूस बॅग उभी करून ठेवतो आणि त्याच्या वाटेने जातो. मदत करणाऱ्याने ती आवळलेली मूठ मनाला लावून घेऊ नये. परक्याकडून मदत घेणं हेही धाडसच असतं, आणि बाईमाणसाला तर ते जास्तच करावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, जिन्यावर चार लोक बघत असतात, म्हणून माणूस चांगला वागतो. तर मग पाकिटांचं ऐका. संशोधकांनी चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त पाकिटं 'हरवली'. म्हणजे बँक, हॉटेल, टपाल कार्यालय अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली, 'रस्त्यात सापडलं, तुम्हीच बघा' म्हणून. मालकाशी संपर्क कोण करतो ते पाहायचं होतं. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाले. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल साधारण चाळीस टक्के लोकांनी कळवलं, आणि पैसे असलेल्या पाकिटांबद्दल एक्कावन्न टक्के. मोह वाढला तशी सचोटीही वाढली!

मला मात्र त्यातली किल्ली जास्त भावली. पाकिटात एक किल्ली ठेवलेली असे. सापडणाऱ्याला ती कवडीच्या कामाची नाही, पण मालकाचा जीव तिच्यासाठी खालीवर होत असणार. काही देशांत संशोधकांनी किल्ली काढून घेतलेली पाकिटंही देऊन पाहिली, तर कळवणाऱ्यांचं प्रमाण घटलं. म्हणजे बंद दारासमोर खिसे चाचपत उभा असलेला कुणी अनोळखी माणूस त्या काउंटरवरच्यांना दिसला असला पाहिजे.

मग एवढा चांगुलपणा असताना आपण पुष्कळदा तसेच पुढे का निघून जातो? बहुतेक वेळा घाईमुळे. १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं, आणि वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले त्रेसष्ट टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' म्हणून पिटाळलेल्यांतले फक्त दहा टक्के. ह्यातल्या काही जणांना तर परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्याच गोष्टीवर बोलायचं होतं! आम्हा भाषण देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

राहता राहिलं मदत मागणं. ते आपल्याला करण्याहून अवघड वाटतं. 'लोक काय म्हणतील' आणि 'कशाला कुणाला त्रास' ह्या दोन वाक्यांवर आपण कितीतरी ओझी एकट्याने वाहतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक ह्या दोघा संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं, की परक्याकडे काही मागायच्या आधी आपण बांधलेला अंदाज फार चुकतो. होकार देणारे त्याहून कितीतरी जास्त निघतात. कारणही गमतीचं आहे. मागणारा विचार करतो की समोरच्याला किती तसदी पडेल. समोरचा विचार करत असतो की तोंडावर नाही कसं म्हणायचं. म्हणजे ह्या चांगुलपणात थोडी भिडेची भेसळ असते तर. असू दे. बॅग वर पोचते ना?