मृगाच्या आत

रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ, कातळाच्या सड्यावर अजून नीट उजाडलेलं नाही. आंब्याच्या कलमांतून पत्र्याचा डबा वाजतो. वांदर यायच्या आत राखणदार उठलाय.

घर त्याचं नेपाळात, कैलाली जिल्ह्यात. तिहार म्हणजे आपली दिवाळी. ती घरी करून तो इथे येतो. मोहोरावर फवारणी, रात्रीची राखण, चैत्र-वैशाखात घळीने, म्हणजे जाळीच्या काठीने, आंबा उतरवणं आणि मृगाच्या आत परत. रत्नागिरी-देवगडात बागोबाग अशी माणसं भेटतात. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरही कितीतरी खलाशी नेपाळचेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तेही गावी.

परदेशी माणूस कामाला ठेवायचा तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्याला साधारणपणे वर्षाला १६ लाख २५ हजार पगाराची अट. राखणदाराला एवढा पगार कुठला बागायतदार देणार? नेपाळी माणसाला मात्र ना व्हिसा, ना कामाचा परवाना. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराचं सातवं कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, फिरायची, व्यापार करायची मोकळीक देतं.

दार उघडं आहे. आत आलेल्याचं पुढे काय, हे मात्र कोणी लिहिलेलं नाही. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला. त्यात मुकादमाने आणलेल्या मजुराला प्रवासभाडं होतं, विस्थापन भत्ता होता, राहायची सोय होती. पण कायदा आंतरराज्य. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांचा. नव्या कामगार संहितेतली व्याख्याही तशीच. बिहारचा गडी त्यात बसतो, सीमेपलीकडचा बसत नाही.

पोलीस ठाण्यात कामगारांची माहिती द्या, असं मालकांना सांगितलं जातं. फोटो, नागरिकतेच्या दाखल्याची झेरॉक्स. ते हवंच. पण त्या कागदावर मजुरी नसते, उचल नसते. फांदी मोडून माणूस खाली आला तर दवाखाना कोणी करायचा, तेही नसतं.

हे सगळं हंगामाच्या पहिल्याच दिवशी वहीत उतरवून दोघांनी सही करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. लिपी तर दोघांचीही देवनागरी.

मे संपत आलाय. शेवटची पेटी गाडीत चढली. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या, पायरीवर हिशोब चाललाय, तोंडीच. उचल वजा व्हायची आहे. तो बोटांवर महिने मोजतोय: मंसिर, पुस, माघ, फागुन, चैत, वैशाख.